कापूस वेचण्याचा आवाज

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं. अमरावतीत एकटी बाई म्हणून मी तोवर चार ठिकाणी नकार घेऊन आले होते. कोणी विचारायचं नवरा कुठे असतो, कोणी विचारायचं मटण करता का, कोणी नुसतंच वरून खालपर्यंत पाहायचं. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. वरच्या माळ्यावरची खोली उघडून दिली आणि म्हणाले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. आधी चपला घालून, मग काढून, मग पाण्यानं भरलेली बादली हातात घेऊन. एवढं सांगून स्वतः खाली जाऊन बसले. त्या रिकाम्या खोलीत बादली घेऊन येरझारा घालताना मी मनात म्हणत होते, बाई, या माणसाचा एक स्क्रू ढिला आहे, पळ इथून. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "जमते. टाच आपटत नाई तुमी. सामान आना."

त्या घरात मी नऊ वर्षं राहिले. गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. तेव्हा ते सत्तरीला टेकलेले असतील. उंच, किडकिडीत, बारा महिने खांद्यावर दुपट्टा, आणि बोलणं असं की पुण्याकडचा कोणी ऐकेल तर भांडण चाललंय समजेल. मनात मात्र काही नसायचं. आमच्या वऱ्हाडातली माणसं अशीच, गूळ द्यायचा तरी डोक्यात हाणल्यासारखा देणार.

त्यांच्या दारावर घंटी नव्हती. होती ती काढून तिथे खिळा ठोकला होता आणि खिळ्याला पिशवी लटकवली होती. येणाऱ्यानं दाराच्या खालच्या फळीवर तळहात दोनदा आपटायचा असा कायदा. दूधवाल्याला तोच, कुरिअरवाल्याला तोच, मलाही तोच. त्यांचं म्हणणं असं की घंटी सगळ्यांची सारखीच वाजते, थाप मात्र माणूस सांगते, घाईत आलाय की मागायला आलाय की भांडायला. मला हे इतकं पटलं होतं की मी शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांपुढे त्यावर भाषण ठोकलं. पुढे या घंटीची खरी गोम कळली तेव्हा माझं मलाच कसंसं झालं. ते येईलच.

तरुणपणी त्यांचं अकोल्यात कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. एका बोळीत, सहा बाय आठची जागा. लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे, हे दोन दिवसांनी कॅसेट भरून द्यायचे. भानगड एवढीच की दोन गाण्यांच्या मधे ते अर्धं अर्धं मिनिट रिकामं सोडायचे. गिऱ्हाईक परत यायचं, म्हणायचं टेप खराब निघाली, मधातच बंद पडते. काकाजी त्याला बसवून समजावायचे की बावा, दोन घासांच्या मधात पाणी पितो ना आपण, तसं कानाला पण पाणी पाजावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जायचं. समोरचा दुकानदार दोन मजली घर बांधून बसला आणि काकाजी बायकोच्या माहेरच्या गावी, अमरावतीला येऊन स्थिरावले. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "त्याच्या गिऱ्हाइकाईले ठसका लागला असंन," एवढंच म्हणायचे.

दुकान गेलं, पण एक लोखंडी पेटी आली. तिच्यात गाण्यांची एकही कॅसेट नव्हती. त्यांनी आयुष्यभर गोळा केलेले आवाज होते आणि वर त्यांच्या किरट्या अक्षरात चिठ्ठ्या. 'दर्यापूर, जीप भरायची वाट.' 'पातूर, लेणं, पाणी टपकते.' एकीवर लिहिलं होतं, 'तेल्हारा, जिनिंग, जेवायची सुट्टी.' मी विचारलं, सुट्टीत सरकी काढायचं मशीन बंद असेल, मग भरलं काय? तर म्हणाले, तेच तर, दिवसभर धडधडणारं मशीन बंद झाल्यावर जे उरतं ते भरलंय. मी हात जोडले.

लग्नसराईत गल्लीतून डीजे जायचा तेव्हा सगळे कानावर हात ठेवून घरात पळायचे. काकाजी बाहेर येऊन स्वतःच्या भिंतीला तळहात लावून उभे राहायचे. भिंत काय म्हणते ते पाहतो, म्हणायचे. त्यांचा मुलगा पुण्याला होता, दर रविवारी फोन करायचा. काकाजी फोन ठेवल्यावर मला सांगायचे की आज तो उभ्यानं बोलत होता, किंवा बोलताना काहीतरी खात होता. काय बोलला ते कधी सांगायचे नाहीत. मला वाटतं ते ऐकायचेच नाहीत.

आता ते नाहीत. जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मी हेच सगळं हसत हसत सांगते आणि लोक हसतात. पण त्यांची आठवण मला खरी कशानं येते, ते सांगायचं तर माझ्या सिनेमाचं सांगावं लागेल.

सिनेमा म्हणजे काय, चार मिनिटांचा. कागदाची माणसं कापायची, टेबलावर मांडायची, फोटो काढायचा, केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा फोटो. शाळेतल्या सहकाऱ्यांकडून जुन्या लग्नपत्रिका जमवल्या होत्या, त्यांतून लुगडी कापली. उलट्या टाकलेल्या स्टुलाला सुतळीनं मोबाईल बांधला, झाला स्टुडिओ. हे सगळं उन्हाळ्याच्या सुटीतच जमायचं आणि अमरावतीचा मे महिना म्हणजे काय ते मी सांगायला नको. पंखा लावला की माझी बाई उडून पलंगाखाली. कूलर लावला की दमट हवेनं सगळं शेत गुंडाळून यायचं. म्हणून दोन्ही बंद. घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधून मी बसायची.

तिसऱ्या दिवशी दाराच्या फळीवर दोन थापा पडल्या. काकाजी दारात उभे. म्हणाले, "तीन दिवस झाले, तुमचा कूलर बोलला नाई. म्हटलं पाहून यावं, हायेत का गेल्या."

मी त्यांना तोवर झालेले चाळीस सेकंद दाखवले. शेताकडे निघालेली एक बाई, डोक्यावर गाठोडं, पुढे कपाशी, मागे तुरीची ओळ. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि एकच प्रश्न विचारला, आवाज कुठाय. मी म्हटलं, तो शेवटी टाकू, इंटरनेटवर फुकट मिळतात, वरून छानपैकी बासरी लावू. ताकात माशी निघावी तसं त्यांचं तोंड झालं. तसेच खाली गेले.

ती गाठोडंवाली बाई म्हणजे माझी माय. आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, काळ्या जमिनीचं. मायनं चाळीस वर्षं कापूस वेचला, आधी दुसऱ्याचा, मग स्वतःचा. तिला काचबिंदू निघाला. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी भावाकडून ती माझ्याकडे अमरावतीला राहायला आली, त्या उन्हाळ्यात मी तिला म्हटलं, तुला सिनेमात टाकते. तेव्हा तिला एका डोळ्यानं थोडं दिसायचं. मोबाईलला नाक लावून तिनं ते चाळीस सेकंद पाहिले आणि म्हणाली, "माहे हात एवढे लांब हायेत काय वं? अन् हे पराटी व्हय का तूर?" झालं. सगळी कपाशी पुन्हा कापली मी.

पण शाळा, पेपर, निवडणुकीची ड्युटी, यातून पुढचं काम पुढच्या मे महिन्यावर गेलं. तोवर मायला खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढंच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. मी तरी वेड्यासारखी सिनेमा पूर्ण केला. सकाळी बाई निघते, कापूस वेचते, सूर्य उगवतो, दुपारी भाकर खाते, संध्याकाळी घरी येते. चार मिनिटं पूर्ण झाली आणि ज्या बाईसाठी केली तिला ती दिसणार नव्हती. एक उन्हाळा उशीर केला मी. हे मी स्वतःला इतक्यांदा म्हटलं की शेवटी लॅपटॉप उचलून कपाटावर टाकला.

माय तर बोलायचीच बंद झाली. पूर्वी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा तिचा. आता चटईवर बसवलं तर बसलेली, उठवलं तर उठलेली. भरवलं तर खायची. "मले काय इचारतं, मी तं गाठोडं हाये," म्हणायची. ते ऐकलं की मी तिच्यावरच चिडायची. चिडले की पुन्हा वाईट वाटायचं.

काकाजींना हे सगळं खाली छतातून कळत होतं. तुमच्या आई हल्ली चालत नाहीत, बसूनच असतात, असं ते मला एकदा जिन्यात म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, सिनेमाचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डोळे गेले. कान तं हायेत ना? कपाटावरून काढा ते. आवाजानं दाखवू त्याहिले."

असा आमचा कारखाना सुरू झाला. पहिल्याच दिवशी भांडण. मी इंटरनेटवरून एक कोंबडा काढून आणला होता, सकाळच्या प्रसंगासाठी, चांगला खणखणीत. काकाजींनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाले हा कोंबडा इकडचा नाही. मी म्हटलं काकाजी, कोंबड्याला काय गाव असतं? ते म्हणाले, कोंबड्याला नसेल, पण त्याच्यामागे जे अंगण आहे ते आपलं नाही, त्यात फरशी आहे. कोंबडा गेला. मग बासरी. मला बासरी हवीच होती. माझं म्हणणं, मायचं आयुष्य सगळं कष्टात गेलं, ते लोकांना कळायला नको का. त्यांचं म्हणणं, बासरी ही झाकायची चादर आहे, ज्याला खालचा पलंग मोडका आहे हे ठाऊक असतं तो ती अंथरतो. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. शेवटी करार झाला. आधी सगळे आवाज घालायचे, मग जागा उरली तर संगीत.

आवाजांसाठी त्यांनी खालच्या गाद्या ठेवायच्या खोलीत चारही भिंतींना गोधड्या टांगल्या. मधे एक छोटा रेकॉर्डर, त्याला लहान मुलाची कानटोपी घातलेली, वाऱ्याचा आवाज जाऊ नये म्हणून. मला विचाराल तर तो रेकॉर्डर त्या घरात सगळ्यात लाडका होता. सिनेमातली बाई दुपारी भाकर मोडते, तेवढ्या आवाजासाठी मी त्यांच्यासमोर चौदा भाकरी मोडल्या. गॅसवरची भाकर मऊ निघते, तिला आवाजच नाही असा निकाल लागला. मग मागच्या गल्लीतल्या एका आजीच्या चुलीवरून भाकर आणली, ती पहिल्या झटक्यात पास. बाईच्या पावलांसाठी माती हवी होती. मी म्हटलं अंगणातली घेऊ. काकाजींनी कपाळाला हात लावला आणि स्वतः दर्यापूरच्या एसटीनं जाऊन अर्धं पोतं काळी माती आणली. कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर म्हणाले, रस्ता आहे. मग ती घमेल्यात पसरून, मायच्या जुन्या चपला दोन्ही हातांत घालून, हा सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसून घमेल्यात चालायचा. मला हसू आवरायचं नाही. ते रागानं पाहायचे, कारण माझं हसू रेकॉर्ड व्हायचं.

राहिला कापूस वेचायचा आवाज. तो घरात करता येणार नव्हता. दिवाळीच्या सुट्या लागल्या तसे आम्ही भावाच्या शेतात गेलो. सकाळची एसटी, मग दर्यापुरातून जीप, ती भरेपर्यंत अर्धा तास, असं करत शेतात पोहोचायला साडेअकरा झाले. मी वेचत गेले आणि काकाजी माझ्यामागून उकिडवे सरकत गेले, कानटोपीवाला रेकॉर्डर बोंडापाशी धरून. वर जुना मोठा हेडफोन. तासभर झाल्यावर हेडफोन काढून म्हणाले, रेशमासारखं आलंय. मला जरा नवल वाटलं. मला तर हात लावला की तडतड ऐकू येत होती, बोंडाखालची वाळलेली पानं चुरत होती. पण म्हटलं या क्षेत्रात यालाच रेशीम म्हणत असतील. गुरूला कोण शिकवणार? आणि मी तरी कुठे वेचलाय कापूस, दहाव्या वर्षापासून शाळेसाठी मामाकडे होते.

घरी आल्यावर लॅपटॉपवर ते सगळं चित्राला जोडायचं. तिथेही त्यांची एक पद्धत. पडद्यावर स्वतःचा दुपट्टा टाकायचे. म्हणायचे डोळ्याला सुट्टी द्या, डोळा खोटं बोलतो, कान बोलत नाही. मी दुपट्ट्याखाली माउस चालवायची. आता बोला.

पुढच्या आठवड्यात मायला ऐकवायचं ठरलं. काकाजी इस्त्रीचा सदरा घालून वर आले, खुर्चीवर ताठ बसले. माय चटईवर. मी सुरू केलं. पावलं वाजली. मायनं मान वळवली आणि म्हणाली, "ही तं आपली माती व्हय." कित्येक दिवसांत आपणहून बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. माझा जीव भांड्यात पडला. काकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की पाहा, बासरीवाल्या बाई.

मग वेचणं सुरू झालं. मी हळूच म्हटलं, माय, आता पहाट आहे हं, सूर्य उगवायचाय. मायच्या कपाळाला आठी पडली.

"कोन्या येड्यानं बारा वाजता कापूस वेचला हा?" ती म्हणाली. "तडतड होऊन राह्यली सारी. सकाळच्यानं दव राह्यते, पानं नरम राह्यते, आवाज नाई होत. म्हनून तं अंधारातच निंगो आमी. दुपारी वेचलं तं सारा पानचुरा जाते कापसात."

काकाजी म्हणाले, "कोनती तडतड?"

मला वाटलं हट्टीपणा करतायत. त्यांनी मला परत लावायला सांगितलं. मग हेडफोन घातला, दोन्ही हातांनी कानांवर दाबला, डोळे मिटले. परत लावा. परत लावा. शेवटी हेडफोन काढून त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, की तुम्हाला येते का तडतड? मी म्हटलं हो काकाजी, शेतातही येत होती. ते उठले, जिना उतरून गेले. चार दिवस वर आले नाहीत आणि खालूनही काही आवाज नाही.

पाचव्या दिवशी मी पोहे घेऊन खाली गेले. आधी दारावर बोटांनीच टकटक केली, हातात ताटली होती, फळीपर्यंत वाकता येईना म्हणून. आतून काही नाही, आणि ते तर समोरच बसलेले, खिडकीतून मला दिसत होते. मग मी पायानं फळीवर थाप मारली. ते लगेच उठले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोहे ठेवून मी तशीच उभी. त्यांनीही ओळखलं. बाजूच्या बाजेवर बसायला सांगितलं आणि एखाद्या मुलानं पेपरात नापास झाल्याचं सांगावं तसं सांगितलं, "वरचे आवाज गेले माहे. पाचेक वर्ष झाले. घंटी गेली, तवा घंटी काढून टाकली. मंग चिमन्या गेल्या. आता खालचेच हायेत, थाप, धप, धडधड, मान्साचं बोलनं. कोनाले सांगू? जिंदगीभर कान म्हनून मिरवलो."

मी शाळेत पोरांना दिलेलं ते थापेवरचं भाषण मला आठवलं आणि लाज वाटली, हसूही आलं. मग त्यांच्याकडे पाहून रडूच आलं. बाजेवर बसून रडले मी चांगली. ते पोहे खात राहिले. म्हणाले, मीठ कमी आहे. मग म्हणाले, हे काम आता एखाद्या कॉम्प्युटरवाल्या पोराला द्या, माझं झालं. त्यांच्या तोंडून 'माझं झालं' ऐकणं आणि मायच्या तोंडून 'गाठोडं' ऐकणं, मला सारखंच वाटलं.

वर येऊन मी मायला खरं ते सांगितलं. काकाजींना बारीक आवाज येत नाहीत, पाच वर्षं झाली, कोणाला माहीत नाही. माय चटईवर सरळ होऊन बसली. मग तिनं विचारलं, गावाकडे पराटी किती वेचायची राहिली? मी म्हटलं दुसरा वेचा बाकी आहे. तर म्हणाली, "मंग त्याहिले म्हन, चाला. दव कवा हाये अन् कवा गेलं, ते मी सांगतो." हा तिचा जुना आवाज होता, शेतात मजुरांना हाक मारायचा.

मी निरोप सांगितल्यावर काकाजी रेकॉर्डर घेऊन निघालेच; वेचायच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं भावाकडे मुक्कामी गेलो. तांबडं फुटायच्या आत शेतात. थंडी मरणाची. काकाजींनी स्वतः मफलर बांधला नाही, कान उघडे हवेत म्हणाले. मी मायचा हात धरून तिला ओळीत उभं केलं, काकाजी रेकॉर्डर घेऊन बसले, आणि मी वेचायला लागले. ठरलं असं होतं की मायनं नुसतं उभं राहून दव आहे की गेलं ते सांगायचं. दोन मिनिटं उभी राहिली असेल. मग म्हणाली, कोंबडीचे पिसं उपटून राह्यली काय, सरक तिकडे. कमरेला पदराची ओटी बांधली. झाडाला खालून वर हात फिरवला, बोंड सापडलं, पाची बोटांनी एकदम, सगळ्या पाकळ्या रिकाम्या. मग दुसरं. मग दोन्ही हात दोन झाडांवर. मी तोंडात मारल्यासारखी पाहत राहिले. ती ओळीनं पुढे चालली होती, कोणाचा हात न धरता.

सांगायचं ते विसरली ती. पार विसरली आम्हाला. थोड्या वेळानं गुणगुणायला लागली, शब्द नाहीत, नुसती हुं हुं अशी चाल. लहानपणी मी ऐकायची ती. काकाजींनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. ते गुणगुणणं त्यांना येत होतं. दिवस वर आला, अंगावर ऊन आलं, तरी माय वेचतच होती आणि हे तिच्यामागे उकिडवे सरकतच होते, त्या गुडघ्यांवर. दीड तास. शेवटी ओळ संपली म्हणून थांबली.

आता प्रश्न असा आला की दव कोणत्या मिनिटाला गेलं ते कुणी सांगायचं. काकाजींना ते ऐकू येणार नव्हतं. मायला विचारू म्हटलं तर नको म्हणाले, तिला विचारून केलं तर तिला दाखवलं काय मग? म्हणून लॅपटॉपवरचा दुपट्टा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. आवाजाची रेघ पडद्यावर दिसते, तडतड सुरू झाली की तिच्यावर बारीक काटे उभे राहतात. चष्मा लावून, पडद्याला नाक लावून, त्यांनी ते काटे शोधले. मी कानानं, ते डोळ्यानं, असं करत पहिला काटा सापडला, आणि आम्ही तो माझ्या सिनेमातल्या सूर्याशी जुळवला. आयुष्यात पहिल्यांदा मी पाहून आवाज कापतोय, म्हणाले. कुरकुर नव्हती त्यात.

गुणगुणणं त्यांनी अगदी सुरुवातीला टाकलं, बाई रस्त्यानं चालते तिथे. आणि मला म्हणाले, घ्या तुमची बासरी.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी पुन्हा सगळे बसलो. माय चटईवर भिंतीला टेकून, काकाजी तिच्याशेजारी खुर्चीवर. मी सुरू केलं. माती वाजली, त्यावर हुं हुं सुरू झालं. माय म्हणाली, मी व्हय ना हे? मी म्हटलं हो. आवाज बसला माहा, ती म्हणाली आणि पदर सारखा केला. मग वेचणं आलं. काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं त्यात, कापूस ओटीत पडायचा मऊ आवाज, लुगडं झाडाला घासायचं, एक श्वास. माय पुढे वाकून ऐकत होती. कपाळाला आठी नव्हती. आम्ही चुकलो असलो तर ती तोंडावर सांगणार, आणि मग पुन्हा गप्प होणार, कायमची, हे मला ठाऊक होतं.

माय म्हणाली, "ऊन आलं."

मी पडद्याकडे पाहिलं. तुरीच्या ओळीमागून माझा पिवळ्या पतंगी कागदाचा सूर्य नुकताच डोकं वर काढत होता.

हो माय, आलं, एवढंच म्हटलं आणि तोंडात पदर कोंबला. सिनेमा पुढे चालला होता. मायनं खुर्चीच्या दिशेनं तोंड वळवलं.

"भाऊ, आयकलं का? पानं बोलाले लागले."

काकाजी पडद्याकडेच पाहत होते, डोळे भरलेले. "नाई आयकलं, बाई," ते म्हणाले. "मले दिसलं."

हात चाचपत मायनं त्यांच्या खुर्चीचा दांडा शोधला, धरला आणि मला म्हणाली, "पुन्हा लाव वं. याहिले आयकू येत नाई ते मी सांगतो. अन् मले दिसत नाई ते हे सांगतीन."

मी पहिल्यापासून लावला.